खाज, लाज आणि बाबांची शुगर

शीर्षक वाचून काही जण हसतील, काही जण पटकन पान उलटतील. हसा खुशाल! मागच्या पावसाळ्यापर्यंत मीही हसतच होतो.

माझं गाव हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा. बोर धरणाजवळचं. होस्टेलला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात कपडे वाळेनात. सबमिशनच्या धावपळीत ओलसर अंडरवेअर, त्यावर जाड जीन्स. त्यातच घसा दुखला म्हणून आठवडाभर अँटिबायोटिक घेतलं. पुढच्या आठवड्यात लघवीच्या जागी खाज, लालसरपणा, कातडीखाली दह्यासारखा पांढरा थर. सांगणार कोणाला? रूममेटने एका मेडिकलमधून ट्यूब आणून दिली. दोन दिवसांत खाज गायब, आठव्या दिवशी दुप्पट!

शेवटी सेवाग्रामला स्किनच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी ट्यूब पाहिली आणि म्हणाले, "यात स्टिरॉइड आहे. त्याने लाली, खाज दबते. पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आरामात वाढते." स्टिरॉइडची अशी अनेक मलमं 2018 मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मिळतातच.

मला झालं होतं ते कॅन्डिडा नावाच्या यीस्टचं इन्फेक्शन. पाव फुगवतं त्याच जातकुळीतली ही एकपेशीय बुरशी. ती तोंडात, आतड्यात, कातडीवर थोडीफार असतेच. शेजारचे बॅक्टेरिया तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकने ते मरतात, यीस्ट मरत नाही. वर ऊब आणि ओल मिळाली की झालं काम! "हे बायकांना होतं" असं आपण समजतो, पण पुरुषांनाही होतं. गजकर्ण वेगळं, बरं का. ते बहुधा मांडीवर कडा उठलेल्या गोल चट्ट्यासारखं पसरतं आणि त्याची बुरशीही वेगळी.

जाता जाता एक अभिमानाची गोष्ट. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच मातीतल्या जिवाणूपासून 1961 च्या सुमारास हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. कॅन्डिडावर ते वापरलंही गेलं. जिवाणूचं नावसुद्धा स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! मला मात्र साधं क्लोट्रिमॅझोल दिलं, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. बरं वाटलं तरी मध्येच थांबवायचं नाही, हे बजावून.

बाकी सगळी सांगितलेली काळजी आईने लहानपणीच शिकवल्यासारखी. कातडी हळूच मागे घेऊन साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मग कपडे. साबण घासायचा नाही, त्यानेच जळजळ वाढते. सुती, सैल अंडरवेअर, पूर्ण वाळलेली. टॉवेल आपापला (होस्टेलमध्ये हे सर्वात अवघड!). लग्न झालेल्यांनी जोडीदारालाही त्रास आहे का ते विचारायचं. कातडी मागे जात नसेल, जखम असेल किंवा पुन्हा पुन्हा होत असेल, तर मेडिकल नाही, डॉक्टर.

निघताना डॉक्टरांनी माझी शुगर तपासायला लावली. रक्तात साखर वाढली की लघवीत उतरते आणि यीस्टला आयतं खाद्य मिळतं. माझी नॉर्मल निघाली.

दिवाळीला गावी गेलो. रात्री अंगणात बाबांना सगळं सांगून टाकलं, कसं कोण जाणे. ते बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "मलेबी हाय थे. चार महिने झाले."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कोनाले सांगू?"

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी शुगर तपासली : 212. 126 च्या वर गेली की मधुमेह धरतात. चार महिने माझा बाप शेतात ओल्या धोतरात खाजवत होता, घरात कोणाला पत्ता नाही. तहान लागते, रात्री उठावं लागतं, हे सगळं उन्हावर आणि वयावर ढकललेलं.

आता गोळ्या चालू आहेत, चहा बिनसाखरेचा झालाय. खाजही गेली. पावसाळ्यात फोन केला की अभ्यासाचं नंतर, आधी विचारतात, "चड्डी वायली का रे?"