हौशी बिनतारी परवाना आणि मोर्सची अट

शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या. दोहोंमधील सरळ रेषेतील अंतर साधारण ४५ किलोमीटर. शिरूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला दौंडच्या मित्राशी स्वतः जोडलेल्या बिनतारी यंत्रावरून बोलायचे असेल, तर दोघांनाही सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. या पहिल्या परवान्यासाठी मोर्स लिपी यावी की नको, हा हौशी बिनतारीवाल्यांमधला जुना वाद आहे.

१९७८ च्या नियमांनुसार द्वितीय श्रेणीसाठी मिनिटाला ५ शब्द, प्रथम श्रेणीसाठी १२ शब्द मोर्समध्ये पाठवता व घेता यावे लागत. पुढे मोर्सविना मर्यादित परवाना निघाला; पण तो अतिउच्च कंप्रतेपुरता. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. दोन्ही घरांवर १२ मीटर उंचीच्या एरिअल उभारल्या, तरी सपाट प्रदेशात पल्ला सुमारे २८ किलोमीटर. दौंड गाठायला दोन्हीकडे ३० मीटर उंची हवी, म्हणजे दहा मजल्यांची इमारत! उलट ७ मेगाहर्ट्‌झची लघुलहर वातावरणाच्या वरच्या विद्युद्‌भारित थरावरून परतून खाली येते; तिला दोन झाडांना बांधलेली तारही पुष्कळदा पुरते. थोडक्यात, मोर्स न येणाऱ्याला परवाना मिळे, पण दौंड मिळत नसे.

ही अट निव्वळ हट्टापायी नव्हती. लघुलहरी देशांच्या सीमा ओलांडतात. संकटातील जहाजे मोर्समधूनच हाक देत, आणि हौशी माणसाने चुकून त्यांच्या लहरीत ढवळाढवळ केली, तर 'थांब' हा संदेश त्याला कळणे अवश्य होते. १९९९ मध्ये जहाजांची नवी संकटसंदेश व्यवस्था पूर्णपणे अमलात आली व हे कारण संपले. २००३ च्या जिनीव्हा परिषदेने मोर्सचा निर्णय ज्या त्या देशावर सोपवला.

मोर्सचे समर्थक सांगतात ते खोटे नाही. बोलण्याला लागते त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी जागेत मोर्सचा संदेश मावतो, आणि गोंगाटात बोलणे विरून जाते तिथेही तो 'कट्ट-कडकट्ट' कानाला लागतो. रेल्वेच्या तारबाबूंनी यावरच आयुष्ये काढली. परंतु उत्तम साधन म्हणून एखादी गोष्ट शिकवणे वेगळे आणि ती दारावर पहारेकरी म्हणून उभी करणे वेगळे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्ट ब्लेअरहून हॅम रेडिओवर हजारांहून अधिक किलोमीटर दूरच्या मुख्य भूमीशी संपर्क ठेवला. अशा वेळी लांब पल्ल्याची लहर हाताशी असावी लागते. तिच्यावर बोलायला शिकलेली माणसे जितकी अधिक, तितके बरे.

मात्र मोर्स काढली म्हणून परीक्षा सोपी करावी, हे आम्हांस मान्य नाही. आपले यंत्र नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेर जात नाही ना, त्याच्या दुप्पट-तिप्पट कंप्रतेवर उपद्रव होत नाही ना, हे ज्याला तपासता येत नाही, त्याच्या हाती लघुलहर देऊ नये. मग त्याची मोर्स मिनिटाला २० शब्दांची का असेना.