नंबर कुणाच्या नावावर?

घरातून व्यवसाय करणाऱ्याने फोनची व्यवस्था ठरवताना सगळ्यांत आधी एक प्रश्न विचारावा: हा नंबर कुणाच्या नावावर असणार? उपकरण कोणतं, महिन्याचं भाडं किती, आवाज किती स्पष्ट, हे सगळं त्यानंतरचं. मी हे इतक्या ठामपणे सांगते, कारण माझ्या कामाचा नंबर एका संध्याकाळी बंद पडला आणि तो परत मागण्याचा कसलाच हक्क माझ्याकडे नव्हता.

नाशिकला घराच्या पुढच्या खोलीत मी जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरण्याचं काम करते. लासलगाव-पिंपळगावकडचे व्यापारी, अंबड-सातपूरमधले छोटे कारखानदार, काही दुकानदार, अशी माणसं. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे थ्रीबी, भरायची असते. त्या तारखांच्या आधी फोन खाली ठेवायची सोय नसते, एरवी दुपारभर शांतता असते. घरचा आणि कामाचा फोन एकच असल्यामुळे सासूबाईंच्या औषधवाल्याचा फोनही त्याच गर्दीत अडकायचा. म्हणून कामाचा नंबर वेगळा करायचा ठरवलं.

त्या सुमाराला क्लाउड टेलिफोनी पुरवणाऱ्या एका कंपनीचा माणूस भेटला. त्यांनी एक नंबर दिला. त्यावर फोन आला की आधी स्वागताचा आवाज, मग मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, आणि शेवटी फोन माझ्या किंवा माझ्या मदतनीस मुलीच्या मोबाइलवर वाजायचा. आमच्या गावाकडच्या लोकांना मिस्ड कॉल देऊन थांबायची सवय. तो प्रत्येक मिस्ड कॉल या यंत्रणेत वेळेसकट नोंदला जायचा. ही नोंद फार उपयोगी होती, आजही तिची किंमत मी कमी लेखत नाही.

मग त्या कंपनीचं आणि ज्या दूरसंचार कंपनीकडून ती नंबर घेत होती तिचं काहीतरी बिनसलं. ऐन थ्रीबीच्या आठवड्यात नंबर मुका झाला. दूरसंचार कंपनीकडे गेले तर उत्तर मिळालं, तुम्ही आमच्या ग्राहक नाही. कागदोपत्री ते खरंच होतं. नंबर त्या मधल्या कंपनीने स्वतःच्या नावावर घेतला होता आणि मला फक्त वापरायला दिला होता. भाड्याच्या गाळ्यावर आपल्या दुकानाची पाटी लावावी आणि मालकाने गाळाच विकावा, तसं झालं. नंबर माझ्या कार्डावर, बिलांवर, पाटीवर, गुगल मॅपवर होता. ते सगळं पैसे टाकून बदलता आलं. पण व्यापाऱ्याच्या पेढीवर डायरीच्या पहिल्या पानावर जो नंबर एकदा लिहिला जातो, तो पुन्हा कुणी खोडत नाही. पुढे कित्येक महिने लोक त्याच नंबरवर फोन लावत होते आणि आम्ही काम बंद केलं असं समजून दुसरीकडे जात होते. यातली काही जुनी माणसं होती, त्यांचा विश्वास कमवायला मला वर्षं लागली होती.

मोबाइलचा नंबर आपल्या नावावर असेल तर कंपनीशी कितीही बिनसलं तरी तो आपल्याबरोबर येतो. आपल्या देशात नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून सगळीकडे आहे, आणि ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्ये जातानाही नंबर टिकतो. पोर्ट असा शब्द आणि पुढे आपला नंबर लिहून १९०० वर संदेश पाठवायचा, कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. हा अधिकार मात्र ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच. लँडलाइनला ही सोय नाही. नाशिकचा ०२५३ चा नंबर घेऊन पुण्याला जाता येत नाही.

म्हणून सिम स्वतःच्याच नावावर घ्या. घरगुती मसाले विकणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका काकूंचं सिम भाच्याने आणून दिलं होतं, त्याच्याच आधारवर. भाचा नोकरीसाठी परदेशी गेला, इकडे सिम खराब झालं, आणि नवं सिम मिळवायला काकूंना त्याच्या सुट्टीची वाट बघत बसावं लागलं. भाचा गुणी होता, तरीही. आपल्या नावावर कोणकोणते मोबाइल नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. कामाचा नंबर त्या यादीत आहे ना, एवढं आजच बघून घ्या.

मग क्लाउडवाल्यांकडे जायचंच नाही का? जा, पण क्रम उलटा ठेवा. कार्डावर, पाटीवर, डायरीत आपला स्वतःचा मोबाइल नंबर. तो व्यग्र असेल किंवा उचलला गेला नाही, तरच फोन पुढे त्यांच्या नंबरवर वळवायचा. त्यांची सेवा उद्या बंद झाली तर वळवणं काढून टाकायचं, लोकांना काही कळतही नाही. हे वळवणं फोनच्या सेटिंगमधून किंवा ग्राहकसेवेकडून करून घ्या आणि दुसऱ्या फोनवरून लावून खात्री करा. वळवलेल्या कॉलचे पैसे आपल्या प्लॅनमध्ये धरले आहेत का, तेही आधीच विचारा. कुणी अनोळखी माणूस फोनवर स्टार चार शून्य एक आणि पुढे एखादा नंबर दाबायला सांगत असेल तर मात्र लगेच फोन ठेवा. त्या युक्तीने लोकांचे कॉल आणि आवाजात येणारे ओटीपी चोरले जात होते. म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली.

एक-दोन माणसांच्या कचेरीला ‘एक दाबा, दोन दाबा’ लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडचे साठी ओलांडलेले व्यापारी तो आवाज ऐकला की फोन ठेवून देत. त्यांना ‘ताई, आहात का?’ असं विचारायचं असतं आणि पलीकडून ओळखीचा आवाज हवा असतो. पाच-सहा माणसं आणि निरनिराळी खाती असतील तर मेनूला अर्थ आहे.

फायबर इंटरनेटबरोबर मिळणाऱ्या लँडलाइनबद्दलही सांगते. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, त्यामुळे घरात अंधार असला तरी तो वाजायचा. फायबरचा फोन घरातल्या मोडेमवर चालतो. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने लाइट गेले की तोही गेला. घरी इन्व्हर्टर असेल तर मोडेमचा प्लग त्याच्यावर आहे का ते तपासा, नसेल तर मोडेमसाठी छोटा यूपीएस घ्या. इंटरनेटवरच्या कॉलला वेग फार लागत नाही, एका कॉलला सेकंदाला शंभर किलोबिटच्या आत भागतं. पण लाइन अडखळत असेल तर शब्द तुटतात, आणि आमच्या धंद्यात ‘सतरा’चं ‘सत्तर’ ऐकू आलं तर नोटीस येते.

एकाच फोनमध्ये घरचं आणि कामाचं सिम ठेवलं, तर एकावर बोलताना बहुतेक फोनांत दुसरं लागत नाही. कामाला साधा का होईना, वेगळा फोन असावा. संध्याकाळी तो खोलीत ठेवून दार लावून घेता येतं, आणि घरातल्या माणसांच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे. राखीव म्हणून घेतलेलं सिम मात्र पडून राहू देऊ नका. ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि खात्यात शिल्लक नसेल तर नंबर बंद होऊ शकतो, आणि नंतर तो दुसऱ्या कुणाला दिला जातो.

माझ्यासारखं काम करणाऱ्यांना आणखी एक विनंती. लहान व्यापाऱ्याच्या जीएसटी नोंदणीत सोयीसाठी सल्लागाराचाच मोबाइल टाकायची पद्धत सर्रास आहे. तो नंबर गेला तर आपल्याबरोबर त्याचाही ओटीपी अडतो, आणि विलंब शुल्क त्या बिचाऱ्याला भरावं लागतं. त्याच्या नोंदणीत त्याचाच नंबर टाका. ओटीपी विचारायला एक फोन जास्त करावा लागेल, तो करावा.

आणि कंपनीने दिलेला नंबर तुम्ही आधीच छापून बसला असाल तर घाबरू नका, पण थांबूही नका. सेवा बंद झाली किंवा तुम्ही सोडली तर हा नंबर तुमच्या नावावर करून मिळेल का, हे ईमेलवर लेखी विचारा. तोंडी ‘हो’ धरू नका. उत्तर येईपर्यंत पुढची कार्डं छापायला टाकू नका. नंबर चालू आहे तोवरच त्याच्या स्वागताच्या आवाजात आपला स्वतःचा नंबर सांगायला सुरुवात करा, आणि जुन्या माणसांना एकेक फोन करून तो डायरीत लिहून घ्यायला लावा.