दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : रस्ता लांबचा, वेळ कमी

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळते, हे तुम्हाला पाठ आहे. आगगाडीच्या गणितात हे सूत्र चोख चालते. विमानाच्या बाबतीत मात्र आधी विचारावे लागते : अंतर कोणते आणि वेग कशाचा?

वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशावर दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जायला सांगितले, की बहुतेकांचे बोट डावीकडे सरकते. युरोप, अटलांटिक, अमेरिका. आता पृथ्वीगोल घ्या आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा सायबेरियावरून थेट उत्तर ध्रुवाजवळ चढतो आणि पलीकडे कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो! गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग हाच. भूगोलात याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. तोच दोरा विषुववृत्तावर धरून त्रैराशिक मांडा. विषुववृत्त ४०,०७५ किलोमीटरचे आहे. तुमच्या गोलावर ते १०० सेंटिमीटर भरले, तर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को दोरा ३१ सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे साधारण १२,४०० किलोमीटर.

पण विमाने नेहमी दोऱ्यावरून उडत नाहीत. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या मार्गाने जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचले, जुन्या मार्गापेक्षा जवळजवळ दोन तास आधी.

याचे कारण वारा. आपल्या अक्षवृत्तांच्या उत्तरेला, सुमारे दहा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. विमानाचा वेग असतो हवेच्या संदर्भात, जमिनीच्या नव्हे. नर्मदेत प्रवाहाबरोबर होडी सोडली आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवली, तर नावाड्याचे कष्ट तेच, काठ मात्र वेगळ्या गतीने मागे पडतो. १५,३०० ला साडेचौदाने भागून पाहा : ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. या विमानाचा हवेतला वेग साधारण ९०० धरा. उरलेला वेग वाऱ्याने दिला, आणि इंधनही वाचवले.

मार्ग ठरवताना हवाई हद्दीही पाहाव्या लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला.

आता पालकांना नेहमी बुचकळ्यात टाकणारा भाग. मुलगा ऑक्टोबरात दिल्लीहून पहाटे चारला निघाला, साडेचौदा तास उडाला आणि त्याच दिवशी सकाळी सहाला उतरला. दोन तासांत अमेरिका? छे! तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तिथले घड्याळ उन्हाळी वेळेत आपल्या साडेबारा तास मागे असते. हिवाळ्यात हा फरक साडेतेरा तासांचा होतो. म्हणून तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी करू नये. आधी दोन्ही एकाच घड्याळात आणाव्यात.

घरी करून पाहा : मुंबई–न्यूयॉर्क अंतर दोऱ्याने मोजा. जाताना आणि येताना कोणता प्रवास लवकर संपेल, ते कारणासह वहीत लिहून आणा.