पिल्लाचा जमाखर्च

कुत्रा हा मनुष्याचा फार जुना सोबती होय. गाय, शेळी, घोडा या प्राण्यांना मनुष्याने माणसाळविले, त्याच्या पुष्कळ आधीच कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता. काश्मीरमधील बुर्झहोम येथे नवाश्मयुगातील वस्तीचे उत्खनन झाले, तेव्हा माणसांबरोबर पुरलेले कुत्रेही सापडले. आपल्याकडे संत नामदेवांची कथा तर घरोघरी सांगितली जाते. कुत्र्याने पोळी पळविली. ती बिचारा कोरडी कशी खाईल, म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. या कथेतील प्रेम थोर आहे. परंतु तो कुत्रा नामदेवांकडे एकच दिवस आला होता. जो रोज दोन्ही वेळा दारात उभा राहणार, मधूनच आजारी पडणार आणि अखेरीस म्हातारा होणार, त्याला एका तुपाच्या वाटीने कसे पुरे पडावे? त्याच्यासाठी प्रेमाच्या जोडीला हिशेबाची वहीही लागते.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल शिवाजीनगर सोडल्यावर खडकीला थांबते. १८१७ च्या नोव्हेंबरात येथे पेशव्यांच्या व इंग्रजांच्या फौजांची लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांनी येथे लष्कराची छावणी वसविली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. शिपाई, कारागीर, बाजारातले दुकानदार अशी येथली जुनी वस्ती. दरमहा ठरलेला पगार आणि त्याच मापाचा खर्च, अशी घरे येथे पुष्कळ. त्यांपैकीच एका घराचे उदाहरण घेऊ.

घरात वडील, आई, आजी, सातवीतील मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे. स्थानकाजवळच्या एका चहाच्या टपरीमागे गावठी कुत्रीला चार पिल्ले झाली होती. ती दोन महिन्यांची झाली, तेव्हा दोन्ही मुलांनी घरात एकच धोशा लावला.

"बाबा, तुम्ही हो म्हणा ना! टपरीवाले काका फुकट देताहेत," मुलगी म्हणाली.

घराचा हिशेब आई ठेवीत असे. ती म्हणाली, "फुकट म्हणजे नेमके किती रुपये, ते आधी लिहून काढू."

त्या रात्री वहीचे एक कोरे पान उघडले गेले. त्यातील आकडे उदाहरणापुरतेच समजावेत. भाव गावोगावी निराळे असतात आणि दरवर्षी बदलतात. पण मांडणीची रीत सगळीकडे एकच.

प्रथम एकदाच करावयाचा खर्च लिहिला. गळपट्टा व साखळी यांचे ४०० रुपये, अन्नाचे व पाण्याचे अशी दोन भांडी ३०० रुपये. अंथरुणाला जुनी गोधडी घरातच होती. एकूण ७०० रुपये. मुलांना वाटले, हिशेब संपला! बहुतेक लोकांचा हिशेब येथेच संपतो, आणि अडचणीला सुरुवातही येथूनच होते.

आईने दुसरी ओळ लिहिली: लशी. पिल्लू साधारण सहा ते आठ आठवड्यांचे झाले, की त्याला अनेक रोगांवरची एकत्रित लस टोचतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तिच्या आणखी मात्रा देतात. या रोगांत 'पार्व्हो' नावाचा एक भयंकर रोग आहे. १९७८ च्या सुमारास तो जगाच्या ध्यानात आला आणि थोड्याच काळात सर्वत्र पसरला. पिल्लाला रक्ताची हगवण व वांत्या लागतात, अंगातले पाणी आटते, आणि दिवसचे दिवस सलाइन लावूनही पुष्कळ पिल्ले दगावतात. त्या उपचाराचा खर्च लशीच्या कितीतरी पट होतो. प्रत्येकी ८०० रुपयांच्या तीन मात्रा धरल्या, तर २,४०० रुपये झाले.

आजी पलीकडे वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, "आमच्या गावी कुत्र्यांना कोण लशी टोचीत होते? उरलेसुरले खाऊन जगतच होती की!"

"आई, जगली तेवढी तू पाहिलीस," वडील म्हणाले. "मेलेली कोणी मोजली?"

मात्र पुढची ओळ लिहिताना आजीनेही हरकत घेतली नाही. ती ओळ पिसाळण्यावरील, म्हणजेच रेबीजच्या लशीची होती. हा रोग पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून माणसाला होतो, आणि एकदा त्याची लक्षणे दिसू लागली, की रोगी वाचल्याची उदाहरणे जगात अगदी विरळा. ६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला, कुत्रा चावल्यानंतर, प्रथम ही लस दिली आणि तो मुलगा वाचला. भारतात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था निघाली. पुढे कितीतरी वर्षे आपल्याकडे कुत्रा चावलेल्या माणसाला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. आजीच्या पिढीला त्यांची आठवण आहे. ती जुनी लस आता मागे पडली आहे. नवी लस दंडात देतात आणि तिच्या मात्राही थोड्या असतात. तरीही कुत्रा चावल्यास जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठावाच लागतो. पाळीव कुत्र्याला ही लस तिसऱ्या महिन्यात, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि पुढे दरवर्षी टोचावी. पहिल्या वर्षाच्या दोन मात्रांचे ६०० रुपये धरले. बाकीच्या आकड्यांत काटकसर करता येईल. या आकड्याला हात लावता येत नाही.

जंताच्या औषधाचे ६०० रुपये झाले. पिल्लाला ते सुरुवातीला दर पंधरवड्याला, मग महिन्याला व मोठेपणी तीन-तीन महिन्यांनी द्यावे लागते. निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेला ५,००० रुपये धरले. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण स्थानिक संस्थांकडे असते. पाळलेल्या जनावराची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी मालकावर टाकली आहे. गोचीड-पिसवांचे औषध व साबण यांना महिन्याला २००, म्हणजे वर्षाला २,४०० रुपये.

अन्नाची ओळ सर्वांत मोठी निघाली. "आपल्या ताटातले उरलेले देऊ," मुलगा म्हणाला. ही समजूत सार्वत्रिक आहे, पण ती खरी नाही. आपल्या आमटी-भाजीत कांदा-लसूण असतो, आणि तो कुत्र्याला बाधतो. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट ही तर त्याला विषासमान. दूध तोडल्यानंतर पुष्कळ पिल्लांना गाईचे दूधही पचत नाही, हे ऐकून मुलांना नवल वाटले. वाढत्या पिल्लाला मांस किंवा अंडी यांसारखे सकस अन्न हवे. शिवाय दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाऊ घालावे लागते. पूर्ण वाढलेल्याला दोन वेळा पुरते. विकतचे पाकिटातले अन्न सोयीचे, परंतु महाग. घरी भात, अंडी, थोडे मांस व बिनमसाल्याची भाजी शिजवावयाची ठरले, तर पहिल्या वर्षी रोजचे सरासरी ४० रुपये, महिन्याचे १,२०० आणि वर्षाचे १४,४०० रुपये झाले.

मुलीने बेरीज केली. २६,१०० रुपये! आईने त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: अडीअडचणीसाठी महिन्याला ३०० रुपये. कुत्र्याचा पाय मोडतो तो पगाराची तारीख पाहून मोडत नाही. वर्षाची एकूण रक्कम २९,७०० रुपये, म्हणजे महिन्याला २,४७५ रुपये झाली. मुलीने आपल्या दिवाळीच्या ओवाळणीचे पैसे देऊ केले. ते एका महिन्यालाही पुरले नसते.

वडिलांनी पान उलटून पुढच्या वर्षांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रिया व साखळीचा खर्च गळतो, पण अन्न वाढते. रोजचे ५० रुपये धरले, तर अन्नाचे वर्षाला १८,०००, लशींचे १,१००, जंताच्या औषधाचे ४००, गोचिडांचे २,४००, आणि अडीअडचणीचे ३,६००. एकूण २५,५०० रुपये. नीट सांभाळलेला गावठी कुत्रा बारा वर्षे सहज जगतो. पहिल्या वर्षाचे २९,७०० आणि पुढील अकरा वर्षांचे २,८०,५०० मिळून ३,१०,२०० रुपये झाले.

टपरीमागच्या फुकट पिल्लाची ही किंमत होती. कोणी १५,००० रुपये देऊन परदेशी जातीचे पिल्लू आणतो, आणि त्या किमतीवर तासभर घासाघीस करतो. परंतु ती रक्कम कुत्र्याच्या जन्मभराच्या खर्चाचा विसावा हिस्साही नसते. उलट थंड मुलुखातील दाट केसांच्या कुत्र्याला पुण्याचा वैशाख सोसत नाही, आणि त्याच्या पंख्याचा व औषधपाण्याचा खर्च वेगळाच. या दृष्टीने आपल्या हवेला रुळलेले गावठी पिल्लू घेणे हेच शहाणपणाचे.

हिशेब एवढा काटेकोर का करावयाचा, हे रस्त्यावर पाहिले म्हणजे समजते. गळ्यात जुना पट्टा असलेले, कोणाच्या तरी मागे आशेने चालणारे कुत्रे सर्वांनी पाहिलेले असते. ते कोणाच्या तरी न केलेल्या हिशेबाचे फळ होय. पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, किंवा उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे, हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे. खडकीसारख्या छावण्यांसाठी १९२४ साली जो कायदा झाला, त्यात कुत्र्यांच्या नोंदणीचे एक कलम होते. नोंदलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला धातूचा बिल्ला असावा. बिल्ला नसलेला कुत्रा सार्वजनिक जागी सापडल्यास अडकवून ठेवावा. आणि आठवड्याभरात शुल्क भरून मालकाने सोडविला नाही, तर त्याचा शेवट करण्याचीही त्यात मुभा होती. त्या कायद्याच्या जागी २००६ साली नवा कायदा आला. नोंदणीचे शुल्क किती, हे विचारून भरण्यासाठी आईने वहीत एक जागा कोरी ठेवली.

मग तिला आणखी एक गोष्ट सुचली. "गणपतीला दहा दिवस गावी जातो, तेव्हा याला कोण पाहणार?" पैसे घेऊन कुत्रा सांभाळणाऱ्याचे रोजचे ४०० धरले, तरी ४,००० रुपये होत होते. रेल्वेतून कुत्रा नेता येतो, पण गार्डाच्या डब्यातील पेटीत, भाडे भरून. लहान पिल्लाचे त्यात हालच. शेवटी शेजारच्या काकूंनी ही जबाबदारी आनंदाने घेतली. त्यांच्या गावच्या जत्रेच्या वेळी तुळशीला व कुंड्यांना पाणी घालण्याचे मुलांनी कबूल केले. या ओळीपुढे आईने शून्य लिहिले.

एवढे झाल्यावरही पिल्लू आणले गेले नाही. वडिलांनी एक अट घातली. तीन महिने दरमहा २,४७५ रुपये बाजूला काढावयाचे, जणू पिल्लू घरातच आहे असे समजून. जमले, तर आणावयाचे. मुलगी दोन दिवस रुसून बसली.

पहिला महिना जूनचा होता. वह्या, पुस्तके आणि मुलाचे बूट यांमुळे ६०० रुपये कमी पडले. दुसऱ्या महिन्यात बाहेरचे खाणे बंद झाले आणि रक्कम पुरी भरली. तिसऱ्या महिन्यातही भरली. डब्यात ६,८२५ रुपये जमले. सुरुवातीची खरेदी, लशी व जंताचे औषध यांना ४,३०० पुरे होते. उरलेले २,५२५ गाठीशी राहणार होते. शस्त्रक्रियेला अजून अवधी होता.

या तीन महिन्यांत टपरीमागची दोन पिल्ले लोकांनी नेली होती. एक पावसाळ्यात दिसेनासे झाले. त्याचे काय झाले, हे टपरीवाल्यालाही सांगता येईना. मुलगी ते ऐकून गप्प झाली. राहिली होती ती एक मादी. मादी नको म्हणून तिला कोणी नेले नव्हते. ती आता पाच महिन्यांची झाली होती, आणि तिच्या कानांत गोचिडे भरली होती.

औंध येथील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तिला रिक्षातून नेले. वजन आठ किलो भरले. वय चार महिन्यांच्या वर असल्यामुळे एकत्रित लशीच्या तीनऐवजी दोन मात्रा पुरतील, असे डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर आईने वहीतील २,४०० चा आकडा खोडून १,६०० लिहिले, वाचलेले ८०० अडीअडचणीच्या ओळीत नेले, रिक्षाचे भाडे नव्या ओळीत मांडले, आणि रेबीजच्या लशीचा दाखला मुलीच्या हाती देऊन तिला दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर छावणी मंडळाच्या कार्यालयात नोंदणीचे विचारून यावयास सांगितले.