वर्गणी सगळ्यांकडून

चि. मुक्ता,


सेक्रेटरी झालीस, अभिनंदन. डोंबिवलीतल्या सोसायटीचं सेक्रेटरीपद म्हणजे पाण्याच्या टाकीपासून कबुतरांपर्यंत सगळ्याची तक्रार ऐकायची आणि वर कौतुक कोणी करायचं नाही. तरी तू ते घेतलंस, मला आवडलं. वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी पाठवलीस ती वाचली. ‘३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन: परिसरातील दिव्यांगांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार’ या ओळीपुढे तू प्रश्नचिन्ह काढलं आहेस आणि पाहुणे म्हणून कोणाला बोलवू, असं मला विचारलं आहेस.

कोणालाही बोलावू नकोस. शालीचे पैसे बाजूला ठेव, ते दुसऱ्या कामाला लागणार आहेत. त्याआधी गणपती येतायत, तेव्हा दिव्यांग माणसं असलेल्या, तू कळवलेल्या त्या चारही घरी वर्गणी मागायला जा.

हसू नकोस. तुला माहीत आहे, आपला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या नावावर होता आणि हप्ते माझ्या बँकेतल्या पगारातून जायचे. पण मंडळाची पोरं आली की वर्गणीची पावती फाटायची ती तुझ्या बाबांच्या नावाने. मी समोर खुर्चीत बसलेली असायचे, कॅलिपर काढून पाय मोकळा करून. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ‘ताईंना कशाला त्रास’ एवढंच. पण ज्याच्याकडून वर्गणी घेतली नाही त्याला मंडप कुठे घालायचा, आरती किती वाजता, लाउडस्पीकर किती मोठा, हे कोण विचारणार? जो देत नाही त्याला हिशोब मागता येत नाही. सत्कार वर्षातून एकदा होतो आणि त्या दिवशीही माणूस स्टेजवर पाहुणाच असतो. पावती फाडली की तो मेंबर होतो. अकरा रुपये दिले तरी होतो.

आणि वर्गणीबरोबर काम दे. तळमजल्यावरच्या त्या काकांना पक्षाघात झाला, उजवा हात चालत नाही, पण बुद्धी शाबूत आहे आणि आयुष्य हिशोबात गेलेलं आहे असं तूच म्हणालीस. मग खजिनदार कोण, हा प्रश्न तुम्हाला पडतोच कसा? लिहायला त्यांच्या शेजारी एक कॉलेजचा मुलगा बसव. शिक्षिका असलेल्या त्या अंध मुलीला सूत्रसंचालन दे. कागद तिचा ती ब्रेलमध्ये करेल नाहीतर मोबाइलवर ऐकेल. मात्र ‘दृष्टिहीन असूनही’ अशी प्रस्तावना तिच्या नावाआधी कोणी करायची नाही. माइक हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

आता सभेचं. तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा गच्चीवर होते ना? तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, आणि सभा गच्चीवर! कोजागिरीही तिथेच, सत्यनारायणाचा प्रसादही तिथेच वाटतात. पाच जिने न चढू शकणारं माणूस वर्षानुवर्षं ‘गैरहजर’ म्हणून नोंदलं जातं. त्यात आता म्हातारेही आले. सभा खाली पार्किंगमध्ये घे, स्कूटर तासभर रस्त्यावर लावा. कोजागिरीला इमारतींमधून चंद्र उशिरा दिसेल, तोवर दूध आटेल छान.

पण खाली सभा घेऊन भागत नाही, खालपर्यंत यायला वाट हवी. तुमच्या प्रवेशद्वाराशी दोन पायऱ्या आहेत आणि बाजूला एक उतार आहे. तो उतार स्कूटर चढवायला केलेला आहे, माणसासाठी नाही. चाकाच्या खुर्चीचं गणित साधं आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या म्हणजे बारा फुटांचा रॅम्प. सरळ बसत नसेल तर मध्ये सपाट जागा सोडून वळवायचा, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, आणि वर-खाली खुर्ची वळेल इतकी मोकळीक. तीन-चार फुटांत उरकलेल्या रॅम्पवरून खुर्ची ढकलणाराही मागे घसरतो. शिवाय वाट तीन फूट तरी मोकळी हवी. रॅम्प चांगला बांधायचा आणि त्याच्या तोंडाशी कुंड्या मांडायच्या, ही आपली जुनी सवय. कुंड्यांवर लक्ष ठेव.

सभेत कोणी म्हणेल की रॅम्पने एलेव्हेशन बिघडतं, किंवा एका माणसासाठी एवढा खर्च कशाला. सुरुवातीला कायदा काढू नकोस, माणसं बिथरतात. त्यांच्या आईवडिलांचे गुडघे विचार. तरीही नाही ऐकलं तर मग काढ. २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, यात एकवीस आहेत. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थेचं नाव त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा ‘हे सरकारी ऑफिसांसाठी आहे’ असं कोणी म्हणालं तर ते पान दाखव. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा. महापालिकेनेही स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. बाहेरच्या फुटपाथवरचा खांब आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांसाठी त्या पैशाचं काय झालं, हे विचारणारं पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ दे. एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा चाळीस बिऱ्हाडांचा शिक्का जड असतो.

चाकाची खुर्ची सगळ्यांना दिसते म्हणून तिच्याबद्दल बोलायला सोपं. न दिसणारं जास्त आहे. तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकतात. त्या शिक्षिकेचा फोन अक्षरं वाचून दाखवतो. सही-शिक्क्याच्या तिरक्या फोटोतून त्याला धड काही वाचता येत नाही. नोटीस टाइप करून टाक. ऐकू न येणारं जोडपं आहे, त्यांच्यासाठी व्हॉइस मेसेजच्या जागीही टाइपच. म्हणजे एकाच कष्टात दोन घरं झाली. सभेत त्यांना पुढे, उजेडात बसव, बोलणाऱ्याने तोंडासमोर कागद धरायचा नाही, आणि ओरडायचं तर मुळीच नाही. ओरडल्याने ओठ वेडेवाकडे होतात, ऐकू काही येत नाही. महत्त्वाचा विषय असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलव आणि त्याचं मानधन सोसायटीने द्यायचं.

सगळ्यात अवघड ते स्वमग्न मुलाचं घर. चौदा वर्षांचा मुलगा, ढोल वाजला की कान दाबून किंचाळतो, आणि मग खालून कोणीतरी वर पाहतं. त्या पाहण्यामुळे त्याच्या आईने गणपतीत माहेरी जायला सुरुवात केली असेल, विचारून बघ. पहिल्या दिवशी सकाळी, मंडप उघडायच्या आधी, अर्धा तास ढोल नाही, स्पीकर नाही, फक्त समई आणि तो मुलगा. नंतर इतर लहान मुलंही त्या वेळेला येतात, म्हाताऱ्याही येतात, तुला दिसेलच. आणि त्याची आई. तिला हळदीकुंकवाचं बोलावणं सगळ्या देतात, पण मुलापाशी दोन तास कोण बसणार हे कोणी विचारत नाही. बोलावणं देताना बसायला माणूस ठरवून दे, आणि तो माणूस आधी चार वेळा त्या मुलाला भेटलेला असू दे.

मी माणसांत मिसळायला शिकले ती लोकलच्या अपंगांच्या डब्यात. आमच्यात अंध होते, पोलिओवाले होते, कॅन्सरचे पेशंट यायचे, गरोदर बायका यायच्या. भाजी निवडली जायची, भजनं व्हायची, दसऱ्याला डब्याला तोरण लागायचं, आणि भांडणं तर कोणत्याही डब्यात होतात तशीच सणसणीत. तिथे कोणी कोणाचा सत्कार केला नाही. प्रत्येकाच्या खिशात पास होता. त्या डब्यातल्या एका अंध गायकाला पुढे आम्हीच कार्यक्रम मिळवून दिले, आणि मानधन कमी देणाऱ्याशी भांडायलाही आम्हीच गेलो.

पाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेचंही तुझ्याकडे आहे म्हणतेस. १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाने ती सुरू केली तेव्हा मी गॅलरीतून पाहिली होती. आता तिथे दिव्यांगांचा वेगळा चित्ररथ काढायचा बेत आहे, हे मला पटत नाही. ट्रकवर बसवून मिरवायला माणसं म्हणजे देखावा नव्हे. खुर्चीवरच्या मुलाला ताशा येत असेल तर पथकात घ्या, पथक त्याच्या वेगाने चालेल. येत नसेल तर शिकवा, बाकीच्यांनाही शिकवताच ना? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे पुस्तक तुझ्याकडे असेल, नसेल तर घे. त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते बाबूकाका दिवाण भेटल्यावर. तेही त्यांच्यासारखे खुर्चीवरच, पण उद्योग सांभाळणारे. अपंग मुलाला खुर्चीवरचा कामात बुडालेला मोठा माणूस रोज दिसायला हवा. तुमचा खजिनदार असा दिसेल.

निवडणुकीच्या वेळी चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आता घरून मतदान करता येतं. चांगली सोय आहे, ज्याला हवी त्याला अर्ज भरून दे. पण ज्याला केंद्रावर यायचंय त्याला ‘घरूनच करा की’ असं सुचवू नकोस. केंद्रावर चार ओळखीचे भेटतात, शाई दाखवली जाते. रिक्षा ठरवून दे.

बारीकसारीक एवढंच: मदत करण्याआधी विचार. खुर्ची परस्पर ढकलायची नाही, अंध माणसाचा दंड धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं. आणि चहा विचारताना ‘यांना साखर चालते का?’ असं सोबतच्या माणसाला विचारू नकोस. माझ्याबद्दल अजूनही तुझ्या काकांनाच विचारतात! मी बिनसाखरेचा पिते, हे त्यांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही लक्षात राहत नाही.

कोणी वर्गणी द्यायला नकारही देईल. कोणाला गणपतीत रस नसेल, कोणी तुमच्यावर जुना राग धरून असेल, कोणी नुसतंच खडूस असेल. असू दे, इतर मजल्यांवरचे देतात तसाच तोही नकार आहे. पुढच्या वर्षी परत जा.

पायऱ्यांची उंची टेपने मोज, अंदाजाने नको, आणि गवंड्याचं कोटेशन आलं की मला पाठव. पाच फुटांत बसवतो म्हणाला तर फोन माझ्याकडे दे, त्याच्याशी मी बोलते.

तुझी,
आत्या