मोटारहोमच्या टाक्यांचा जमाखर्च

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, म्हणजे मोटारहोम, भाड्याने देण्याचा धंदा आमचा एखादा व्यापारी बांधव करू पाहील, तर तो इंजिनाची, गाद्यांची, स्वयंपाकाच्या ओट्याची चौकशी जरूर करील. गाडीखालच्या टाक्यांची चौकशी मात्र राहून जाते. गिऱ्हाईक खूश होऊन परतणार की नाराज होऊन, हे पुष्कळदा या टाक्यांवरच ठरते. अमेरिकेत हा प्रकार जुना व रुळलेला आहे. म्हणून धडा तेथूनच घेऊ.

ॲरिझोना राज्यातील क्वार्ट्झसाइट गावाभोवती वाळवंटाची सरकारी जमीन आहे. हिवाळ्यात हजारो मोटारहोम तेथे मुक्कामाला येतात. मोकळ्या जागेत नळ नाही, गटार नाही, विजेची तार नाही. ही जमीन सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या नियमानुसार गाडीतील मैला ठरवून दिलेल्या जागेखेरीज कोठेही सोडणे हा गुन्हा आहे. म्हणजे जे गाडीत साठले, ते गाडीतूनच योग्य ठिकाणी न्यावे लागते.

गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी न्हाणी व भांड्यांच्या सांडपाण्याची, तिला ग्रे टँक म्हणतात. तिसरी संडासाची, ती ब्लॅक टँक. समजा, त्या अनुक्रमे १९०, १५० व ११५ लिटरच्या आहेत आणि गाडीत नवरा-बायको दोघेच आहेत. आता आम्ही दुकानाच्या वहीप्रमाणे रोजचा हिशेब मांडतो.

अंघोळ १६ लिटर, दोघांचे दहा वजू १५ लिटर, भांडी ९ लिटर : एकूण ४० लिटर ग्रे टँकमध्ये. संडासाला दिवसातून दहा वेळा जाणे, दर वेळी फ्लश, लोटा व बाकी सर्व धरून अडीच लिटर : एकूण २५ लिटर ब्लॅक टँकमध्ये. पिण्या-रांधण्याचे ६ लिटर धरले तर स्वच्छ पाणी रोज सुमारे ७१ लिटर लागते.

यावरून स्वच्छ पाणी तीन दिवसांच्या आत संपते, ग्रे टँक पावणेचार दिवसांत भरते आणि ब्लॅक टँक साडेचार दिवसांत. पाणी संपले तर कॅनमधून आणता येते. भरलेली टाकी मात्र तशी हलकी होत नाही. सबब मुक्काम किती दिवसांचा, हे आणलेल्या पाण्यावर नव्हे, तर आधी भरणाऱ्या मैल्या टाकीवर ठरते. अमेरिकन गाड्यांची मापे कागद वापरणाऱ्यांच्या सवयीवर बसलेली आहेत. आमच्या घरात लोटा व वजू आहे, म्हणून आमचा हिशेब वेगळा धरला पाहिजे.

आता खबरदारीच्या गोष्टी :

१) ब्लॅक टँकची झडप कायम बंद ठेवावी. उघडी राहिली तर पाणी निघून जाते व घट्ट मैला तळाशी ढीग होऊन वाळतो. टाकी निदान दोन-तृतीयांश भरल्यावरच रिकामी करावी, म्हणजे पाण्याच्या जोराने सर्व बाहेर पडते.

२) रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे. साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. नंतर ब्लॅक टँकमध्ये ८-१० लिटर पाणी घालून ठेवावे.

३) हातमोजे घालावेत. पिण्याच्या पाण्याची नळी या कामाला कधीही लावू नये.

४) टाकी किती भरली हे दाखवणाऱ्या दिव्यांवर विसंबू नये. आत कागद वा मळ चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. रोजचा हिशेब वहीत लिहिणे अधिक भरवशाचे.

५) फॉर्मल्डिहाइडचे औषध टाळावे. दुर्गंधी थांबते, पण मैला कुजवणारे जंतू मरतात व ज्या सेप्टिक टाकीत तो जातो, तिचे काम बिघडते.

६) गरम पाणी येईपर्यंत वाहणारे थंड पाणी बादलीत धरून फ्लशला वापरावे. भांडी धुण्यापूर्वी पुसून घ्यावीत. ग्रे टँकला एखाद-दुसरा दिवस जास्त मिळतो.

७) मुक्काम लांबवायचा असेल तर चाकांची लहान टाकी मिळते. तिच्यात मैला काढून तो अधिकृत ठिकाणी नेता येतो व गाडी जागेवरच राहते.

सांडपाणी जमिनीवर सोडण्याचे नियम जागेप्रमाणे बदलतात. विचारल्याशिवाय ते सोडू नये.

जो बांधव हा धंदा करील, त्याने गाडी घेण्यापूर्वी तीन टाक्यांची मापे लिहून घ्यावीत आणि आपल्या मार्गावर मैला रिकामा करण्याची अधिकृत सोय कोठे आहे, ते स्वतः जाऊन पाहावे. गिऱ्हाइकाला किल्ली देताना वरचा हिशेब मराठीत किंवा उर्दूत एका कागदावर लिहून द्यावा. मार्गावर अशी सोय नसेल, तर ती होईपर्यंत त्या मार्गाचे भाडे घेऊ नये.