मराठीतून जर्मनकडे : ऑनलाइन भाषाशिक्षणाचे काही अनुभव

सन २०२० च्या जून महिन्यात आपल्या शाळेचे वसतिगृह रिकामे होते. सकाळच्या वंदनेचा स्वर नव्हता, भोजनगृहात ताटांचा आवाज नव्हता. इतिहासाचे तास मोबाईलवरून घेऊन झाले की उरलेला दिवस अंगावर येई. त्या दिवसांत मी जर्मन भाषा शिकावयास प्रारंभ केला. निमित्त बाबासाहेबांचे होते. १९२१ साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते आणि त्यासाठी आपला परिचय जर्मन भाषेत लिहिला होता, हा प्रसंग मी अनेक वर्षे वर्गात सांगत आले. सांगताना मुलांचे डोळे चमकत; परंतु सांगणाऱ्या बाईंना त्या भाषेचे एक अक्षरही येत नव्हते. वयाच्या पन्नाशीत ही उणीव भरून काढावी, एवढाच हेतू होता.

पुढे या छंदाला वेगळे वळण लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला आणि माजी विद्यार्थी व पालक मला विचारू लागले, "बाई, मुलाला कोणता ऑनलाइन क्लास लावू?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून माझा स्वतःचा आणि आपल्याच दोन माजी विद्यार्थ्यांचा अनुभव येथे मांडते. त्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून देत नाही.

माझा प्रारंभ मोबाईलवरील एका मोफत ॲपने झाला. रोज दहा मिनिटे, चित्र पाहून शब्द निवडायचा, बरोबर आला की गोड आवाज होतो. सलग किती दिवस अभ्यास केला, तो आकडा पडद्यावर झळकतो. माझा आकडा दोनशेच्या पुढे गेला होता. मात्र एके दिवशी घड्याळाकडे पाहून वेळ मोठ्याने सांगण्याचा प्रयत्न केला तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. दिलेल्या चार पर्यायांतून उत्तर ओळखणे आणि स्वतः वाक्य घडविणे यांतील अंतर मला, तीस वर्षे प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षिकेला, तोपर्यंत उमगले नव्हते!

मग मी शुल्क भरून एक ऑनलाइन वर्ग लावला. तेथे पडद्यावर चाळीसहून अधिक चौकटी होत्या, बहुतेकांचे कॅमेरे बंद. शिक्षिका विद्वान होत्या, परंतु सारे व्याकरण वेगवान इंग्रजीतून चाले. तीन महिन्यांत मला बोलण्याची संधी मोजून चार वेळा मिळाली. चुकलेल्या तासांचे ध्वनिचित्रमुद्रण मिळे. ते साचत गेले आणि पाहायचे राहून गेले. त्यामानाने डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'नीकोस वेक' हा मोफत अभ्यासक्रम मला पुष्कळ उपयोगी पडला. स्पेनहून जर्मनीत आलेल्या नीको नावाच्या तरुणाची बॅग हरवते आणि त्याच्या धडपडीतून ए-१, ए-२ व बी-१ या पातळ्या क्रमाने उलगडत जातात. पुढे काय होते या उत्सुकतेने तरी माणूस दुसरा धडा उघडतो. (युरोपात भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या मानल्या जातात, ए-१ ही पहिली पायरी.)

२०२२ साली पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात मी ए-१ची परीक्षा दिली. माझ्या गटातील इतर परीक्षार्थी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे असे चार भाग, उत्तीर्ण होण्यास शंभरपैकी साठ गुण. बोलण्याच्या भागात प्रथम स्वतःचा परिचय द्यावयाचा असतो. त्यात नावाची अक्षरे एकेक करून सांगावी लागतात आणि एखादा क्रमांकही सांगावा लागतो. माझी गाडी तेथेच अडली. इंग्रजीतील 'ई' या अक्षराला जर्मन 'ए' म्हणतात आणि इंग्रजीतील 'आय'ला 'ई'. 'जे'चा होतो 'योट', 'व्ही'चा 'फाउ', 'डब्ल्यू'चा 'वे'. जिभेवर इंग्रजी बसलेली असल्यामुळे माझे आडनाव मी असे सांगितले की, तसे लिहिले असते तर मलाही ते ओळखता आले नसते. ऐकण्याच्या भागात 'हाल्ब फिअर' असे ऐकून मी साडेचारवर खूण केली. त्याचा अर्थ साडेतीन. तरीही उत्तीर्ण झाले, हे विद्यार्थ्यांच्या समाधानासाठी नमूद करते.

ती 'साडेचार'ची चूक मात्र मनातून जाईना. 'हाल्ब द्राय' याचा शब्दशः अर्थ 'अर्धा तिसरा', म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. हे विचित्र वाटले. आणि मग ध्यानात आले की आपला 'अडीच' हा शब्द तसाच घडला आहे. त्याचे मूळ 'अर्धतृतीय'. पालीत त्याला 'अड्ढतेय्य' म्हणतात. भगवंतांसमवेतच्या साडेबाराशे भिक्खूंचा उल्लेख सुत्तपिटकात येतो, तेथेही साडेबारासाठी 'अड्ढतेळस', म्हणजे 'अर्धा तेरावा', असाच शब्द आहे. जी गोष्ट इंग्रजीतून मला सहा महिने कळली नाही, ती माझ्याच घरातील शब्दांनी एका संध्याकाळी समजावली.

तेव्हापासून मी जर्मन इंग्रजीतून शिकणे थांबविले आणि एका जाड वहीत जर्मन वाक्यासमोर मराठी वाक्य लिहू लागले. किती ठिकाणी वाट सरळ निघाली! इंग्रजीत आधी वीस, मग एक. जर्मनमध्ये 'आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश', म्हणजे एक आणि वीस, आपले एकवीस. पंचवीस, बेचाळीस, सत्तावन, सर्वांत आधी एकक. (फक्त एकोणऐंशीसारख्या संख्यांत आपण पुढच्या दशकातून एक उणा करतो, जर्मन माणूस सरळ नऊ आणि सत्तर म्हणतो.) २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील 'वीस एक' या वाचनावरून आपल्याकडे मोठा वाद झाला होता. जर्मनीतही अशीच सुधारणा सुचविणारी एक संस्था आहे, हे वाचून मला गंमत वाटली.

लिंगांचेही तसेच. 'डेर, डी, दास' पाहून अनेक जण घाबरतात. तो, ती, ते असा भेद बालपणापासून करणाऱ्या मराठी मुलाला नपुंसकलिंग म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र कोणत्या शब्दाचे लिंग कोणते, हे पाठच करावे लागते. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी आहे. अर्थात आपणही 'पोरगं' म्हणतोच.

या वहीचा खरा उपयोग एका माजी विद्यार्थ्याला झाला. तो आयटीआय होऊन एका कारखान्यात लागला होता. घरात एकच चांगला मोबाईल, तोही धाकट्या बहिणीच्या अभ्यासानंतर रात्री साडेदहाला हाती येई. ए-२ च्या ऑनलाइन वर्गात 'डाटिफ' ही विभक्ती आली आणि त्याने वर्ग सोडला. "बाई, मला जर्मन जमत नाही," असे तो म्हणाला. मी विचारले, काय कळले नाही? त्याने वहीत उतरवून घेतलेली इंग्रजी व्याख्या वाचून दाखविली. ती इंग्रजी व्याख्याच त्याला समजली नव्हती. मी फळ्यावर लिहिले : 'मला पुस्तक आवडते.' त्याखाली लिहिले : 'दास बूख गेफेल्ट मिअर.' 'मिअर' म्हणजे 'मला'. दोन्ही वाक्यांत कर्ता पुस्तक आहे, दोन्हींत आवडणारा माणूस चतुर्थीसारख्या रूपात आहे. इंग्रजीत मात्र 'मी' कर्ता होऊन बसतो. 'मिअर इस्ट काल्ट', मला थंडी वाजते. तो थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हे तर आपण आठवीला केलं होतं!"

या साम्यावर फार विसंबूनही चालत नाही. आपला 'ला' द्वितीयेतही येतो आणि चतुर्थीतही. 'त्याला पाहतो' आणि 'त्याला देतो' यांतील 'त्याला' आपल्यासाठी एकच, जर्मनमध्ये पहिला 'ईन' आणि दुसरा 'ईम'. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेथे मराठी माणूस सुखावतो. पण मुख्य वाक्यात ते दुसऱ्या स्थानी हवे असते, तेथे हटकून चुकतो. ओठ 'ऊ'सारखे गोल करून 'ई' म्हणण्याचा स्वर तर आपल्याकडे नाहीच. तो ऐकूनच, आणि कोणी तरी चूक दाखवूनच, येतो.

ही चूक दाखविणारी व्यक्ती ऑनलाइन अभ्यासात बहुधा नसते. आपली एक माजी विद्यार्थिनी परिचारिका आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यतेसाठी साधारणतः बी-२ पातळी मागितली जाते. रात्रपाळीनंतर मुद्रित धडे पाहून तिने बी-१ पर्यंत मजल मारली. बी-१ परीक्षेचे चार भाग स्वतंत्रपणे देता येतात व प्रत्येकात साठ टक्के लागतात. वाचन, श्रवण, लेखन या तिन्हींत ती उत्तीर्ण झाली, संभाषणात अनुत्तीर्ण. त्या भागात जोडीदाराबरोबर एखाद्या कार्यक्रमाची आखणी करावयाची असते. ती म्हणाली, "बाई, वर्षभर मी ऐकतच होते. मला कुणी काही विचारलंच नव्हतं." त्यानंतर तिने आणि दुसऱ्या गावातील तिच्या एका मैत्रिणीने रोज वीस मिनिटे फोनवर जर्मनमधून सहलीची, वाढदिवसाची, दवाखान्यातील कामांची आखणी करण्याचा नेम धरला. प्रारंभी दोघींना हसूच येई. चार महिन्यांनी तिने तेवढा एकच भाग पुन्हा दिला आणि ती उत्तीर्ण झाली. आता ती बी-२ची तयारी करीत आहे.

म्हणून पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : एका वर्गात किती जण असतील, एका तासात माझा पाल्य किती मिनिटे बोलेल, आणि त्याचे लेखन कोण तपासून परत देईल? जाहिरातीत 'नोकरीची हमी' असे लिहिलेले असेल तर हे प्रश्न दोनदा विचारावेत. उत्तर टाळले गेले तर मोफत धडे आणि बोलावयास एक सोबती, एवढ्यावर ए-१ निश्चित होते. मी स्वतः त्याचे उदाहरण आहे. त्यापुढे मात्र जाणता शिक्षक लागतो आणि त्यासाठी पैसे राखून ठेवावेत.

दर रविवारी दुपारी साडेचार वाजता, जर्मन घड्याळाने 'हाल्ब फ्युन्फ', शाळेच्या ग्रंथालयात आम्ही सहा-सात जण बसतो. मराठी-जर्मन वहीची साठ पाने झाली आहेत. ती तपासून देणारे आणि आठवड्यातून अर्धा तास मुलांशी फोनवर जर्मनमध्ये बोलणारे कोणी माजी विद्यार्थी असतील, तर त्यांनी शाळेच्या कार्यालयात आपले नाव कळवावे. वेळ तुम्ही ठरवा. फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा असतो, एवढे ध्यानात असू द्यावे.